टाका सुटलेले पिक्चर

"सांगतो ते तुमाला पटायचं नाय, सुजीतराव. आजवर कुणालाच पटलेलं नाय. पण वैतरणेच्या पुलापासून पार घोलवडपर्यंत ज्या ज्या पिक्चरच्या गोष्टीत भोकं होती ना, ती सगळी मी पाडली. या दोन हातांनी."

जावई शहाळ्याचं पाणी पीत होता. त्याने नळी तोंडातून काढली आणि सभ्यपणे हसला. आमच्या गावातला असता तर सरळ "चल हट, म्हाताऱ्या" म्हणाला असता. पण हा सांगलीकडचा, त्यात जावई.

"लिहिणाऱ्यानं नाय, काढणाऱ्यानं नाय. मी," मी पुढे रेटलं.

"बाबा, पुरे," रूपल म्हणाली.

ती माझी एकुलती एक मुलगी. ठाण्याला असते. रविवारची दुपार होती, दोघं गाडी घेऊन घिवलीला आमच्या घरी आले होते, तेही वाटेत बोईसरला जेवून. "तुम्हांला त्रास नको म्हणून." मुलगी माहेरी येताना बाहेर जेवून आली की समजावं, आज बोलणं अवघड आहे. पडवीत बसल्यापासून तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली नव्हती.

पर्समध्ये एक अर्ज होता. पालघरजवळ एक केंद्र निघालं आहे, तिथे विसर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. नर्स असते, डॉक्टर येतो, संध्याकाळी बागेत फिरवतात. घरच्यांना दर रविवारी भेटता येतं. सेहेचाळीस वर्षं एका घरात काढलेल्या बायकोला मी दर रविवारी भेटायचं, असा तो अर्ज. त्यावर माझी सही हवी होती. रूपलने फोनवर साफ सांगितलं होतं, "मी स्वतः येऊन बघते. आई अजून आपलं आपण करत असेल, तर मी तुमच्यासमोर कागद फाडते. नसेल, तर सही करा. मला रोज ऑफिसात फोन वाजला की धस्स होतं, बाबा."

तिचंही चूक नव्हतं. म्हणून तर मी पिक्चरचं सुरू केलं होतं. आपण बोलत राहिलो की समोरचा विचारत नाही, हा माझा जन्माचा अनुभव.

जयवंती, म्हणजे ज्या बाईबद्दल हे सगळं चाललं होतं ती माझी बायको, शेजारी वेताच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर जुन्या धोतराच्या फाडलेल्या पट्ट्या. एकेक पट्टी घ्यायची, मांडीवर सरळ करायची, घट्ट गुंडाळायची, टोक आत खोचायचं. सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली, हातांना कुणी सांगितलं नाही.

"भोकं पाडली म्हणजे?" सुजीतने विचारलं. बिचाऱ्याने माझ्यासाठीच विचारलं.

मग मी सांगितलं. आणि यातलं बरंचसं खरं आहे.

बोईसरला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची टॉकीज होती. तिथे मी एकोणतीस वर्षं ऑपरेटर. आता तिथे मोटारसायकली विकतात. पिक्चर यायचा तो पत्र्याच्या डब्यांतून, सोळा-सोळा रिळं. दुपारचा खेळ बाराला. तारापूरच्या कारखान्यांची दुसरी पाळी तीनला लागायची आणि कामगारांची बस नाक्यावरून अडीचला सुटायची. आता सोळा रिळं, मध्ये मध्यंतर, आधी दंतमंजनाच्या जाहिराती; अडीचला संपणार कसा? शेवट सोडून लोक पळायला लागले, पळताना खुर्च्या मोडायला लागले. मालक म्हणाले, "पंढरी, कायतरी कर." मी रोज तीन रिळं गाळायला लागलो.

कुठली गाळायची ही अक्कल माझी. गाणी ठेवायची. हाणामारी ठेवायची. घरात बसून माणसं नुसती बोलतात ती रिळं बाजूला. पण पिक्चरमध्ये माणसं मरतात कधी, जुनी चिठ्ठी सापडते कधी, कोण कुणाचा मुलगा हे कळतं कधी? घरात बसून बोलतानाच. त्यामुळे माझ्या दुपारच्या खेळात बाप मरायचा नाही, नुसता नाहीसा व्हायचा. जन्माची आंधळी आई मध्यंतरानंतर सुईत दोरा ओवायची. खलनायकाची मुलगी हिरोला बघून एकाएकी हंबरडा फोडायची; का, ते मला ठाऊक आणि डब्यातल्या रिळाला. पब्लिकची तक्रार नव्हती. पब्लिक म्हणायचं, पिक्चर आहे, चालायचंच.

सहाच्या खेळाला मात्र पूर्ण पिक्चर. सकाळची पाळी सुटलेली माणसं त्याला यायची. म्हणजे बघा, एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर पाळीपाळीने उभ्या राहणाऱ्या दोन माणसांनी एकच पिक्चर पाहिलेला, आणि गोष्टी दोन.

एकदा दोन भावांचा पिक्चर होता. सातव्या रिळात धाकटा भाऊ विहिरीत पडून मरतो. सातवं मी गाळलं होतं. सहाव्याच्या शेवटी तो हातात पिशवी घेऊन दारातून बाहेर पडताना दिसतो, तेवढंच दुपारवाल्यांना दिसलेलं. तीन वाजता कारखान्याच्या दारात पाळी बदलताना एक म्हणाला, भाऊ मेला तेव्हा मला रडू आलं. दुसरा म्हणाला, मेला कुठे, गावाला गेला. हा म्हणतो मेला, तो म्हणतो गावाला गेला. जेवणाच्या डब्यांनी एकमेकांची डोकी फोडली.

"डोकी फोडली? भाऊ मेला की नाही यावरून?" सुजीत म्हणाला.

"दोघांना दवाखान्यात आणलं. तिथं ड्युटीवर ही. एकाला चार टाके घातले, दुसऱ्याला सहा."

एवढं बोलून मी जयवंतीकडे पाहिलं.

चार नव्हेत, पाच. पाच आणि सहा. ही गोष्ट मी गेली चाळीस वर्षं सांगतोय, आणि दर वेळी मुद्दाम चार म्हणतो, आणि दर वेळी ती कुठेही असो, विहिरीवर, मोरीत, शेजारच्या मैनाबाईच्या ओट्यावर, तिथून ओरडते, "पाच ओ, पाच!"

जयवंतीने पट्टी गुंडाळली, टोक आत खोचलं आणि दुसरी घेतली.

मी गोष्ट पुढे नेली. थांबून चालणार नव्हतं. तर हिला ते भावाचं कारण पटलं नाही. पिक्चरमधल्या भावावरून कुणी डोकी फोडतं का? कारखान्यातलं काहीतरी लपवतायत, असं हिच्या मनाने घेतलं. सुट्टीच्या दिवशी ही बाराचं तिकीट काढून बसली, आणि परत सहाचं काढून बसली. रात्री खेळ सुटल्या सुटल्या लोखंडी जिना चढून सरळ माझ्या केबिनच्या दारात. पांढरी साडी, हातात छत्री.

"बारा वाजता भाऊ जिता होता," ती म्हणाली, "सहाच्या खेळाला मेला. मधल्या टायमात त्याला काय झालं?"

मी म्हटलं, "तुमी कोण?"

"तुमच्या भावानं दोन डोकी फोडली, ती शिवणारी. तुमच्या पिक्चरचा टाका सुटलाय. नीट घाला."

तो शब्द आमच्या घरात राहिला. गोष्टीत कुठे काही जुळत नसेल तर ती म्हणायची, टाका सुटलाय. मी तिला पहिलं वर्षभर सगळ्यांसारखा "शिस्टर" म्हणायचो, आणि लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर तोंडातून तेच गेलं. भटजींच्या हातातल्या अक्षता सांडल्या.

"काय सांगता, खरंच?" सुजीत हसला. रूपल हसली नाही. तिने ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. ती आईकडे बघत होती. आई कुठे अडवते का, ते.

तेहेतीस वर्षं जयवंतीने लोकांना पट्ट्या बांधल्या. मेट्रन झाली नाही, सत्कार झाला नाही, निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सकाळी सहाची एसटी, डब्यात भाकरी नि बोंबलाची चटणी. दर रविवारी माझ्या पासावर फुकट पिक्चर. तिच्याबरोबर पिक्चर बघणं म्हणजे ओव्हरटाइम. "गोळी डाव्या खांद्याला लागली, मग कण्हताना उजवा का धरलाय?" "छातीत तीन गोळ्या, आणि एवढं लांबलचक बोलतो? वारा कुठून आणला?" "वीस वर्षांनी आईनं पोराला लॉकेटावरून ओळखलं. तोंडावरून नाय ओळखलं? तोंड तर बापाचंच हाय!" पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणायचा, "बाई, पिक्चर बघू द्या." ही म्हणायची, "बघते म्हणून तर सांगते."

दवाखान्यातही तेच. माणसं दुखणं घेऊन यायची आणि बरोबर एक गोष्ट घेऊन यायची. गोष्ट घरी कुणीतरी शिकवून पाठवलेली. एक बाई आली, हात मोडलेला, डोळा काळानिळा. म्हणाली, जिन्यावरून पडले. जयवंती पट्टी भिजवत म्हणाली, "कौलारू घर तुझं. जिना कुठून आणलास?" मग दार लावून घेतलं आणि पाऊण तास बाहेर आली नाही. एकदा एका कारखान्याचा सुपरवायझर एका कामगाराला घेऊन आला. बाथरूममध्ये पडला म्हणे. हिने त्याच्या पायाकडे पाहिलं.

"बाथरूम में बूट पहन के गया था?"

"सिस्टर, छोड़ो ना. लिख दो, गिर गया."

"गिरा तो चमड़ा जला कैसे? पहले ये बताव."

तिने कागदावर लिहिलं ते जे दिसलं तेच, रसायनाने भाजले म्हणून. त्या माणसाचं पुढे बरं झालं. हिची बदली झाली वैतरणेकडच्या एका उपकेंद्रावर, जाऊन-येऊन पाच तास. अडीच वर्षं केलं. घरी आली की पायांना तेल लावत बसायची, पण "उगाच लिहिलं" असं एकदाही म्हणाली नाही. ती तेव्हापासूनच थकली, असं मला वाटतं. आपल्याला इतक्या वर्षांनी कळतं.

दोन वर्षांपूर्वी विसरायला लागली. आधी भाज्यांची नावं. मग देवळातून घरी यायची वाट. मग एक दिवस मला म्हणाली, "तुमी कुणाचे नातेवाईक? बाहेर बसा, पेशंट झोपलाय." मी बाहेर बसलो. तासाभराने तिनेच हाक मारली, "अवो, उन्हात काय बसलात?"

बोईसरचे डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. टीव्हीवरचे पिक्चर तिला झेपेनात. फार भराभर पळतात, म्हणते. म्हणून रोज दुपारी दोन वाजता मी तिला पिक्चर सांगायला लागलो. माझाच, मनातला. आणि प्रत्येकात मुद्दाम एक टाका सोडायचा. तिने पकडला की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. सुरुवातीला पहिल्या गाण्याच्या आत पकडायची आणि वर म्हणायची, "म्हातारे झालात, नीट खोटं बोलता येत नाय आता." पुढे पुढे मध्यंतर ओलांडायला लागली. मग मला तीच गोष्ट दोनदा सांगावी लागायची, भोकावर नुसतं बोट ठेवायचं बाकी. गेले अकरा दिवस तिने एकही पकडला नव्हता.

रूपलला मी फोनवर रोज सांगत होतो, आज पकडलं, कालही पकडलं. तरुणपणी मी दिवसाला पंधरा थापा मारायचो आणि वर सायकल मारायचो. पंचाहत्तरीत एक खोटं निभवायचं तर दम लागतो. रात्री आठवावं लागतं, काल काय सांगितलं होतं.

"आज पिक्चर नाय?" जयवंतीने एकदम विचारलं.

मला उठून नाचावंसं वाटलं. दोन वाजले होते. तिला वेळ कळली होती.

"बघ," मी रूपलला म्हटलं, "घड्याळ न बघता."

"सांगा ना बाबा," रूपल म्हणाली. खुर्ची पुढे ओढून बसली. "मलाही ऐकायचाय."

मी सोपा टाका निवडला. इतका सोपा की रस्त्यावरच्या माणसाने चालता चालता पकडावा. दातिवऱ्याचा एक नाखवा, स्वतःच्या होडीचा मालक. त्याचं प्रेम बर्फाच्या कारखानदाराच्या मुलीवर. बापाला मंजूर नाही. मुलगी समुद्राकाठी गाणं म्हणते, हा होडीतून म्हणतो, मध्ये दीड मैल पाणी, तरी एकमेकांचं ऐकू येतं. हे मी चाखायला दिलं होतं, पण ते तिने जाऊ दिलं. असो. बाप नाखव्याला बोलावून घेतो, बर्फाच्या यंत्रात ढकलतो, आणि याचा उजवा हात मनगटापासून तुटतो.

"उजवा," मी म्हणालो, आणि माझा उजवा हात मनगटाशी धरून दाखवला. "साफ तुटला. समुद्रात पडला. मासळीनं खाल्ला."

"शीऽ, बाबा," रूपल म्हणाली.

"रक्त थांबवलं का?" जयवंतीने विचारलं.

"थांबवलं. फडका बांधला. तूच सांग, कसा बांधतात?"

"घट्ट," ती म्हणाली, आणि मांडीवरची पट्टी घट्ट ओढली.

मी पिक्चर पळवला. बापाला पश्चात्ताप होतो, तो आजारी पडतो, मुलगी रडते. मग लग्न. मांडव. वाजंत्री. सगळा गाव जमलेला. "आणि नाखव्यानं काय केलं," मी म्हणालो, "दोन्ही हातांनी मंगळसूत्र उचललं..."

सुजीतला हसू फुटलं. "अहो, पण हात तर..."

रूपलने त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

"दोन्ही हातांनी," मी सावकाश म्हणालो, जयवंतीच्या तोंडाकडे बघत. "डाव्या हातानं धरलं. आणि उजव्या हातानं गाठ मारली. उजव्या."

मागच्या वाडीत एक झावळी कडकडून खाली आली. जयवंतीने तिकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"झालं ना लगीन त्याचं?"

"झालं."

"बरं झालं. गरीब बिचारा."

सुजीत शहाळ्यात खाली वाकून बघत होता. त्यात काही उरलं नव्हतं. रूपलच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं आणि मी पाहिलं नाही असं केलं. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

"बाबा, मी एकेक विचारते. खरं सांगा. आई अंघोळ स्वतः करते?"

"स्वतः. पाणीसुद्धा स्वतः काढते."

"औषधं?"

"अगं, तीच मला माझी देते. बीपीची सकाळी, साखरेची जेवणाआधी."

"तुम्हांला साखर कधी झाली?"

"झाली नाय. होऊ नये म्हणून देते."

रूपलने कपाळाला हात लावला. "बाबा."

"बरं, अंघोळ करते हे लिही."

"रस्त्यात कुठे निघून जाते का?"

"नाय. गेट लावलेलं असतं, आणि लावलेलं नसलं तरी नाय."

"आणि स्वयंपाकघरात? काही करते का स्वतःच्या हाताने?"

इथे मी "थोडंफार" म्हणून थांबायला हवं होतं. पण थाप मारणाऱ्या माणसाचा हाच रोग असतो. पुरेसं खोटं बोलून त्याला थांबता येत नाही. वर कोथिंबीर घालायची सवय.

"सकाळचा चहा तिच्याच हातचा असतो," मी म्हणालो. "आजच बघ. मी अजून पांघरुणात. सहा वाजले असतील. कपाचा आवाज आला. बघतो तर ही उशाशी उभी. आल्याचा, गवती चहा घातलेला. साय आलेली दिसली तर म्हणते, थांबा, गाळते. मी म्हटलं, राहू दे गं. तर म्हणाली, तुमाला साय आवडत नाय, मी काय विसरले?"

रूपलचा हात पर्सवर थांबला.

तिचं तोंड बदललं. माझ्या मुलीला ते खरं असायला हवं होतं, माझ्याइतकंच हवं होतं. हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मी तिला अर्ज घेऊन आलेली बाई समजत होतो.

"खरं?" ती म्हणाली. "असं म्हणाली? 'मी काय विसरले'?"

"शप्पथ."

तिने पर्सची चेन लावली. पहिल्यांदा पर्स मांडीवरून काढली आणि जमिनीवर ठेवली. आईच्या खुर्चीपाशी जाऊन बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, मग कर की चहा. किती महिने झाले गं तुझ्या हातचा प्यायला नाही. मी शेजारी उभी राहते. आपण चौघं घेऊ."

"दूध नाय," मी म्हणालो.

"मी आणतो," सुजीत उठला. "नाक्यावर दुकान आहे."

"रविवारचं बंद असतं."

"येताना उघडं होतं, बाबा."

"उघडं असतं, पण दूध नसतं. रविवारी गायी..." गायी रविवारी काय करतात ते मला सुचेना.

"मग कोरा चालेल," रूपल म्हणाली. "मी ऑफिसात कोराच पिते."

"आलं नाय."

"आल्याशिवाय."

"अगं, आताच शहाळं प्यायलात. शहाळ्यावर चहा घेतला की पोटात दही होतं. माझा मावसभाऊ कृष्णकांत असाच..."

"बाबा," रूपल हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. "कोरा चहा. दही कशाचं होणार? चल आई, ऊठ."

तिने आईचा हात धरला. पण जयवंती उठली नाही. तिने अर्धी गुंडाळलेली पट्टी मांडीवर ठेवली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. कुणाचे नातेवाईक, असं विचारतानाची ती नजर नव्हती. सरळ होती, थकलेली होती, आणि माझ्यावरून हलत नव्हती.

"खोटं," ती म्हणाली.

"काय खोटं, आई?"

"चहा. मी केला म्हणतात. कशावर केला?"

"अगं, गॅसवर," मी म्हणालो. माझा हात आपसूक लेंग्याच्या खिशावर गेला.

"गॅस पेटवला कशानं?" ती रूपलकडे वळली. "माझ्याच्यानं तो उघडा राह्यला होता. मी मागं वाडीत. घरभर वास. मैनाबाई धावत आली म्हणून वाचलो दोघं. तवापासून हे शेगडीची बटणं काढून खिशात घालून फिरतात. झोपतात तरी खिशात असतात. ह्यांना वाटतं, मला कळत नाय. घाल बघू हात त्यांच्या खिशात."